दगडांच्या दाढ्या

४ मार्च, सोमवार

जावईबापूंच्या समुद्राला बुरशी धरली! बुरशी नव्हे म्हणे, शेवाळ. मला काय — हिरवं, केसाळ, नको तिथे उगवलेलं. कालपर्यंत नुसती लव होती. आज बघते तर दगडांना दाढ्या फुटल्यात.

त्यांना कामासाठी परगावी जाऊन दोन आठवडे होतायत. निघताना बॅग हातात घेऊन म्हणाले, "आई, टाकी तुमच्या भरवशावर. डागाच्या मागे तुमच्यासारखं कोणी लागत नाही." जन्मभर लाँड्री चालवली त्याचं हे बक्षीस. खाऱ्या पाण्यातले मासे राखा.

या घरात एक खोली जास्तीची आहे. ती टाकीनं बळकावलीय. मोठे दिवे तिला, एसी तिला. मी हॉलमध्ये सोफ्यावर. लेक काल रात्रपाळीला निघताना म्हणाली, "मरू दे ना आई एकदाची. ही मेली तर दुसरी आणणार नाही असं तेच म्हणालेत. मग खोली तुझीच."

म्हणूनच तर मरता कामा नये! माझ्या हातात मेली तर काय म्हणतील लोक? म्हातारीनं खोलीसाठी मासे मारले. लेकीच्या घरी राहायचं ते राहायचं, वर हे बालंट? नको गं बाई.

५ मार्च

जावईबापूंचा फोन. शेवाळावर प्रवचन! "आई, ते काहीतरी खाऊन वाढतं. त्याला खायला कुठून मिळतंय ते आधी शोधा." बरं म्हटलं. शोधायचं काय त्यात? घासायचं!

दात घासायचा नवा ब्रश घेतला, बाही वर सारली आणि घास घास घासलं. पाण्याचा नुसता हिरवा काढा. नारिंगी माशांचं जोडपं कोपऱ्यात जाऊन माझ्याकडे बघत बसलं. त्यांच्यात बायको मोठी आणि नवरा बारका. तिनं वळून बघितलं की तो दगडामागे. त्या अख्ख्या टाकीत मला पटलेली ही एकच गोष्ट.

दगड मात्र लख्ख. झालं काम. उगीच लोक बोभाटा करतात.

८ मार्च

वाट लागली!

जिथे नव्हतं तिथेही उगवलं. काचेवर, नळीवर, त्यांच्या लाडक्या गुलाबी प्रवाळाच्या बुडाशीसुद्धा. मी घासलं तेव्हा तुकडे उडाले, आणि जिथे पडले तिथे रुजले. लाँड्रीत कामाच्या बायकांना मीच ओरडायची — डाग चोळू नका, पसरतो! टिपा! आणि स्वतः काय केलं? चोळला!

ब्रश कचऱ्यात. जावईबापूंना सांगितलं नाही.

९ मार्च

शोभेच्या मासेवाल्याच्या दुकानात गेले. अंगठ्यांनी भरलेले हात आणि तोंडात साखर.

"मावशी, ही बाटली ओता. आठवड्यात साफ."

"आणि मासे?"

"मासे सहसा टिकतात."

"सहसा म्हणजे?"

हसला मेला. म्हणे या बाटलीचा त्रास झालाच तर ही दुसरी आहे. मी म्हटलं, आणि दुसरीचा झाला तर? तिसरी पण होती! बाटल्या त्याच्याकडेच ठेवून आले. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी तेवढ्या आणल्या. आणि पाणी तपासायचे थेंब — घरचे संपले होते.

गोगलगायी गुणी आहेत. बोलत नाहीत, रुसत नाहीत, खातात आणि पुढे सरकतात. अशा सुना मिळणार असत्या तर एक मुलगा जन्माला घातला असता.

१० मार्च

एक गोगलगाय उताणी पडली. सरळ केली. परत उताणी. सोफ्यावरून उठताना माझं होतं तसंच.

१३ मार्च

आता रीतीनं चाललंय. टाकीतलंच पाणी बादलीत घ्यायचं, एकेक दगड त्यात धरायचा, दाढी बोटांनी मुळापासून उपटायची, खळखळून धुवायचा, परत जागेवर. जे दगड हलत नाहीत त्यांच्यावरचं नळीनं ओढून घ्यायचं. नळी तोंडानं ओढली आणि घोटभर समुद्र पोटात गेला. अजून जिवंत आहे.

दिवे कमी. खाणं चिमूटभर. नारिंगी बाई माझ्याकडे अशी बघते जणू तिचा पगार कापलाय.

लेक दारात उभी राहून म्हणाली, "एवढ्या मायेनं माझी वेणी घातली होतीस का कधी?"

"तुझ्या केसांत मासे नव्हते."

हसली. मग टाकीखालचं पिंप भरून दिलं तिनं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून वर गोडं पाणी घालावं लागतं, तेही फिल्टरचं. पिंपातून ते आपोआप चढतं. पिंप भरायचं काम लेकीचं. मला उचलू देत नाही. "कंबर जाईल आई, तू हातच लावू नकोस." गुणाची आहे.

१८ मार्च

परत आलं!! धुतलेल्या दगडांवर, पहिल्यापेक्षा दाट.

थेंब टाकून पाणी तपासलं. निळं झालं. निळं म्हणजे वाईट, म्हणजे शेवाळाची पंगत अजून चालू. जन्मभर निळीनं लोकांचे सदरे पांढरे केले, आणि इथे निळं वाईट! दुनियाच उलटी.

गुलाबी प्रवाळ मिटून बसलंय. जावईबापूंनी सुपारीएवढं आणलं होतं, आता ताटलीएवढं आहे. होतं. बुडाकडून पांढरं पडायला लागलंय. फोनवर खरं ते सांगितलं — ब्रशाचंसुद्धा. वाटलं चिडतील. पण म्हणाले, "जाऊ द्या आई. गेलं तर गेलं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." आवाज एवढासा झालेला.

चिडले असते तर बरं झालं असतं. चिडक्या गिऱ्हाइकाला गप्प करता येतं. असल्याला काय करायचं?

१९ मार्च

लेकीनं आज खोलीचं माप घेतलं! टेप लावून! कॉट खिडकीखाली, कपाट या भिंतीला, दिवा उशाशी.

म्हटलं, "अगं, मढं अजून हलतंय. तिरडी कसली बांधतेस?"

म्हणाली, "तू झोपायची सोय बघ. मासे देऊन टाकू कुणाला तरी."

मासे जातील. प्रवाळ जाणार नाही, ते सडेल. ते मी बोलले नाही. टेप मात्र काढून घेतली.

२१ मार्च

डोकं लावलं आज. आधीच लावायला हवं होतं.

लाँड्रीत एकदा सगळे पांढरे कपडे पिवळट यायला लागले होते. आम्ही साबण बदलला, सोडा बदलला, कामाच्या बायकांना झापलं. कपड्यांचा दोष नव्हता. गच्चीवरच्या टाकीला गंज चढला होता. धुतल्यावरही डाग परत आला तर कपडा सोडा, पाणी बघा.

माशांचं खाणं मी तोडलं. दगड धुतले. मग टाकीत वरून आणखी काय पडतं? पिंपातलं पाणी!

पिंपातलं तपासलं. निळंशार! टाकीपेक्षा गडद. फिल्टर खराब झाला असेल म्हणून त्याच्या नळीतून पेलाभर पाणी काढलं आणि तेही तपासलं. नितळ. कसलाच रंग नाही. मग नळाचं घेतलं. निळंशार.

फिल्टर चांगला. पिंपात पाणी नळाचं. आणि पिंप भरतं कोण?

चहा ठेवला आणि वाट बघत बसले. लेक आली. चपला काढत होती.

"पिंपात नळाचं भरतेस?"

एक चप्पल पायातच राहिली. "हो."

"फिल्टरला वेळ लागतो म्हणून?"

"नाही."

वाटलं रडेल. रडते कसली! माझीच पोर. कंबरेवर हात ठेवून सुरू झाली. "मग काय करू? तू मागणार नाहीस. ते टाकी काढतो म्हणाले तेव्हा तू काय म्हणालीस? मला कुठे जन्म काढायचाय इथे! लाँड्री बंद करून आलीस तेव्हापासून सोफ्यावर आहेस. आम्ही उठायच्या आत अंथरूण गायब, उशी गायब, तू आंघोळ करून खुर्चीत. पाहुणासुद्धा एखादा टॉवेल विसरून जातो, आई! तुझं या घरात काही पडलेलं दिसत नाही. एक पिनसुद्धा!"

"म्हणून मुक्या जिवांना मारायचं?"

"मासे मरणार नव्हते. मी वाचलं होतं. नुसतं शेवाळ वाढेल, तू वैतागशील, सोडून देशील. तू सोडतेस कुठे! रोज बसलीयस दगडांच्या हजामती करत!"

चहा उतू गेला. गॅस बंद केला, फडकं फिरवलं.

शेवटी म्हटलं, "पिंप ओत. घास. फिल्टरचं भर." तिनं ओतलं. दमली. मी उचलू लागले नाही.

२२ मार्च

लोकांनी माझ्यावर बालंट आणलं असतं ते खरंच होतं. नाव फक्त चुकलं असतं.

सकाळी अंथरूण काढताना हात थबकला. काढलं मग. सवय.

२६ मार्च

आता टाकीत फिल्टरचंच पाणी जातं. मी स्वतः तांब्यानं पिंप भरते, तांब्यानं कंबर जात नाही. दाढ्या पांढुरक्या पडल्यात. ओढलं की सुटून येतात. गोगलगायी त्यांच्यावर तुटून पडल्यात. थेंबांचा निळा फिक्का होतोय.

लेक आणि मी फक्त माशांबद्दल बोलतो. "खाल्लं का त्यांनी?" "खाल्लं." चार दिवस हेच. आज मात्र तिनं विचारलं, "ह्यांना काय सांगणार आहेस?"

"पिंपातलं पाणी खराब होतं."

"बस?"

"खराबच होतं ना!"

मान खाली घालून हसली. मग बादली धरायला आली. मी दगड काढून दिले, तिनं उपटलं. हात हलका आहे तिचा. चोळत नाही.

२९ मार्च

गुलाबी प्रवाळ उघडलं! पूर्ण नाही, एका बाजूनं. पांढरं पडलेलं तसंच आहे, पण पुढे सरकलेलं नाही. शेजारीण बघायला आली. म्हणाली, "फूल का हे?" म्हटलं, "प्राणी आहे. फारच मिजासखोर." तिच्यासमोर लेक मोठ्यानं म्हणाली, "आईनं वाचवलं." मी आत निघून गेले.

३० मार्च

जावईबापूंचा फोन. उद्या पोचतायत. टाकी वाचली ऐकून पोरासारखे खूश. ते बोलत असतानाच म्हणून टाकलं — खोली मला पाहिजे.

ते म्हणाले, "बरं झालं बोललात, आई. आल्या आल्या टाकी काढायला घेतो."

म्हटलं, टाकीला हात लावाल तर याद राखा. येताना कॉट बघून या.