दुपारी एक ते चार

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तू बसवून दिलेला जुना कॉम्प्युटर दुकानात, मोटारींच्या वायंडिंगच्या बाकाशेजारी, तुझ्या आईच्या विजेच्या शिलाई मशिनच्या जागेवर सुखात आहे. त्यात तू घातलेलं लिनक्स म्हणजे पाठ उघडी ठेवलेला रेडिओ, हे मला पटलं. आत काय चाललंय ते दिसतं. आईची सगळी रेकॉर्डिंगं त्यात उतरवली आणि ती आधी इंटरनेटवर जिथे ठेवली होती त्या कंपनीकडचं खातं कालच पुसून टाकलं. तिचं गुणगुणणं त्यांच्याकडे ठेवायचं आणि त्यांनी मला शिलाई मशिनच्या जाहिराती दाखवायच्या, हा कुठला न्याय!

सकाळी तार गुंडाळताना कॉम्प्युटरचा डबा मंद घुमतो, तेव्हा ती शेजारीच शिवत बसल्यासारखी वाटते. आज मात्र आतून बारीक टक् येतंय. आतल्या डिस्कचं बेअरिंग संपलंय, माझं ऐक.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बाबा

७ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

इथून तपासलं तर डिस्क ठणठणीत असल्याचा अहवाल येतो. पण जिन्यातून शेजारणीच्या मिक्सरचं दुखणं ओळखणाऱ्या कानांवर माझा जास्त विश्वास. तशी काळजी नव्हती. रोज दुपारी दोनला सगळ्याची एक प्रत, कुलूप लावून, माझ्या घरच्या डिस्कवर यायची सोय मी केली होती. आज उघडून पाहिलं, तर एकही गाणं नाही! तुम्ही जेवायला वर जाताना मेन स्विच पाडता ना? रोज एक ते चार?

आता प्रत आजच सुरू केली आहे. तुमच्याकडची लाइन बारीक, तीन-चार दिवस लागतील. तोवर स्विच पाडायचाच नाही. झिजलेली मोटार फिरते तोवर फिरते, थांबली की पुन्हा उठेलच असं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. फोनवर तुम्ही हो हो म्हणता आणि हात आपोआप स्विचवर जातो. म्हणून हे पत्र उद्या पोचेल असं पाठवतेय. स्विचवरच चिकटवा.

रागावलात तरी आपलीच,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

चिकटवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा चालू दुकानात जेवलो. स्टुलावर डुलकी लागली. वाटलं, तुझी आई तारेवरून हळूहळू चाललीय, एकेक गाणं कडेवर घेऊन, तुझ्या घराकडे. मध्येच टक् झालं की दचकून उठायचो, पुन्हा घुमायला लागलं की डोळे मिटायचो. आज साडेतीनला ती टकटक थांबली. डबा गप्प झाला. पुन्हा चालू करून पाहायचा धीर होत नाही.

किती पोचली, तेवढंच कळव.
बाबा

१४ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

सगळी पोचली.

शेवटचं रेकॉर्डिंग आधी ऐकलं. आई गुणगुणतेय, मशिन चाललंय. तुमच्या चपला वाजतात, मग मेन स्विचचं खट्, आणि मशिन बंद. आई वैतागून म्हणते की अहो, रोज काय हे, माझं शिवण अर्धं आहे. नुसतं पुन्हा खट् ऐकू येतं, आणि मशिन सुरू होतं.

नवी डिस्क पाठवतेय. प्रतीची वेळ दुपारी दोनचीच ठेवली आहे.

तुमचीच,
भिंगरी