मर्लच्या दगडावरचा चोवीस आकडी नंबर

सोमवार, ४ मार्च २०२४
मर्लला जाऊन वर्ष होत आलं. दगडावर ‘प्रेमळ पत्नी’ वगैरे नको. आमच्या दफनभूमीत सगळ्याच प्रेमळ पत्नी. जिवंतपणी गावात एकही दिसली नाही. मी आकडा कोरणार. माझा जन्म, आमचं लग्न, तिचा जन्म, सलग:
१९०७१९४१११०४१९६४२३१०१९४३
मूळ संख्या असणारच. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. आमचंही तसंच. एकोणसाठ वर्षं कुणाला फोडता आलं नाही.

६ मार्च
नोएलीन आली. मर्लची धाकटी बहीण, हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, म्हणजे बोल्सच्या, क्लबात स्कोअर लिहिते. म्हणाली, असणारच म्हणजे काय, क्लॅरी? तपासलंस का? लायब्ररीतल्या बाईच्या कम्प्युटरला विचार म्हणे. चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या, कुठल्या कम्प्युटरला विचारून नाही.

७ मार्च, सकाळ
माझ्या कॅल्क्युलेटरवर आठच आकडे मावतात. तारखाही आठ आठ आकड्यांच्याच. काम सोपं. कळप मोठा असला की तीन कोंडवाड्यांत पाडून तपासायचा. तिन्हीत रोगी मेंढी नाही, तर कळप धड.
तीनाने भागलं. पहिल्या तुकड्यात बाकी दोन. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यातही दोन. एवढी एकजूट पार्लमेंटात नाही दिसत. तीनाचा निकाल लागला.

११ मार्च
सात. माझ्या जन्मतारखेला पूर्ण भाग गेला. उरलेल्या दोन तुकड्यांना नाही. दोन विरुद्ध एक, सात नामंजूर. क्लबाच्या कमिटीत असंच चालतं.

१५ मार्च
अकरा, तेरा: ठीक. शंभरपर्यंत जायचं ठरवलं होतं. सतराला बॅटरी संपली. जे तेराला जमलं नाही, ते सतराला काय जमणार.
दगडवाला डार्को म्हणाला, पक्कं ना आजोबा? ग्रॅनाइट आहे, खोडरबर चालत नाही. म्हटलं, कोर.

गुरुवार, ११ एप्रिल
लग्नाला आज साठ वर्षं. दगडावरचं कापड काढलं. भाषण छान झालं. ‘कुणालाही न फुटणारा आकडा’ म्हणालो तेव्हा दोघीतिघींनी डोळे पुसले. शेजारच्या डगने विचारलं, फोन नंबर एवढा लांब, परदेशातला का?
चहाच्या वेळी नोएलीन कप घेऊन दगडापुढे उभी. ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना. बाई बेरीज करत होती. स्कोअरची सवय. सगळे आकडे मिळून एक्क्याऐंशी. हळूच म्हणाली, तीनाने जातो रे. नवानेही.
खिशातली वही काढून दाखवली. प्रत्येकी बाकी दोन. म्हणाली, दोन, दोन आणि दोन, सहा. सहाला तीनाने भाग जातो की नाही, शहाण्या?
चारचौघांत बोलली नाही, एवढं बरं. मर्ल बोलली असती.

१२ एप्रिल
डार्कोला फोन. शेवटी चार आकडे वाढवता येतील का? म्हणाला, जागा आहे की, पण ती तुमच्या मरणाचं साल कोरायला सोडलीय.
मग प्रश्नच मिटला. आकडा अजून पुरा कुठे झालाय? नोएलीनला कळवलं. म्हणाली, मग बेरीज करून मर.
केली. यंदा चोवीस, सम, दोनाने जाणार. पंचवीस पाचाने. सव्वीस परत सम. सत्तावीसच्या आत मरण्यात काही अर्थ नाही.
दुपारी जाऊन फ्लूची लस टोचून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा.