दत्तापुढे कचऱ्याचा उजेड

२० नोव्हेंबर
आमच्या विहंगचं काम झालं. देवासच्या कचऱ्याच्या डोंगरात पाइप खुपसले, आत कुजलेल्या कचऱ्याचा गॅस ओढतात, त्यावर इंजिन चालवून वीज करतात. कॉलनीचं दत्तमंदिर आणि रस्त्यांचे दिवे त्यावर लागणार. मुलाचा अभिमान आहेच. पण साऱ्या गावाचं उष्टं-खरकटं त्या डोंगरात! लग्न झाल्यापासून दत्तजयंतीचा सुंठवडा माझ्या हातचा. तो देवाला समईच्या उजेडातच दाखवणार. संकल्प.

२२ नोव्हेंबर
उपाय सापडला. निर्माल्य आणि उपासाच्या बटाट्याची सालं वेगळी जमवायची. त्या सोवळ्या कचऱ्याचा गॅस मंदिराला. घरोघर सांगून आले. शेजारच्या मेधावहिनी हसल्या. आनंदानेच असणार.

२६ नोव्हेंबर
सोवळ्या कचऱ्याची बादली अर्धी भरली. त्यात कोणाचं तरी अंड्याचं टरफल! कचरागाडीवाला म्हणे, गीला-सूखा समझते हैं काकीजी, ये पवित्र वाला कौन से डिब्बे में डालें? विहंग म्हणतो, एवढ्यावर झीरोचा बल्बही लागणार नाही, आणि डोंगर कित्येक वर्षं कुजतोय, तेव्हा कुठे गॅस येतो. इंजिनिअर झाला, पण श्रद्धा नाही.

१ डिसेंबर
वहिनी यंदा मिक्सरवर सुंठवडा करणार म्हणे, मला त्रास नको म्हणून! माझा खलबत्त्यातच. सुरुवात केली. मनगट धरलं. विश्रांती.

३ डिसेंबर
मिक्सरवर केला. घरची लाइन जुनीच आहे, म्हणजे शुद्ध. हे म्हणाले, ती कोळशाची असते. असू दे. कोळसा म्हणजे विभूतीचाच भाऊबंद.

४ डिसेंबर, दुपार
आज दत्तजयंती. आपल्याकडे सांजेला लाईट जातेच. गेली की मंदिरात फक्त समई. तेवढ्यात आत जाऊन नैवेद्य दाखवायचा. डबा भरला.

४ डिसेंबर, जेवणानंतर
मंदिराच्या पायरीवर बसले. लाईट गेली, अगदी वेळेवर. घराघरांतली. मंदिर आणि रस्ते मात्र लखलखीत! अंधाऱ्या घरांतून सगळी कॉलनी मंदिरातच धावली. पाळणा झाला. कॉलनीचे अध्यक्ष बळवंतराव, त्यांनी विहंगला शाल घातली. तो म्हणे आईला शोधत होता. मी बाहेर खांबामागे. मग डास फार झाले म्हणून आत गेले, तत्त्व सोडलं नाही. तोवर वहिनींचा सुंठवडा वाटून गुरुजी पडदा ओढत होते. म्हणाले, काकू, देवाचं झालं.
घरी काळोख. डबा चाचपडत फडताळात ठेवला.