सात नंबरचा होकार

४ तारीख, सोमवार, सकाळी ७
संकल्प: आजपासून एकाही पेशंटचं संमतिपत्र सहीविना राहणार नाही. शिवाय चिडायचं नाही. इनचार्ज ब्रदर म्हणून अठरा वर्षं झाली. पेशंटशी बोलण्यात माझा हात धरणारा या वॉर्डात तरी नाही.

दुपारी २
चिडलो. कारण होतं. बारा नंबरच्या बाईंनी विचारलं, भूल म्हणजे नक्की काय करणार? फॉर्मवर छापलेलं असताना. शिसारी आली.

५ तारीख
सात नंबर. म्हातारे शिंपीकाका. साखरेनं उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. वास असा की चहा घशाखाली उतरेना. दारातूनच सविस्तर समजावलं: हॅलक्स, गँगरीन, ॲम्प्युटेशन. दीड मिनिट. काका शब्दाशब्दाला मान डोलवत होते. सही घेतली. असे पेशंट मिळायला पुण्य लागतं.

६ तारीख
काकांची सून आली. म्हणे, नख काढल्यावर शिलाई मशीन कधी चालवायचं, असं सासरे विचारतायत. गोड शब्दांत सांगितलं, फॉर्म वाचा. नातेवाईक म्हणजे जखमेवरच्या माश्या.

७ तारीख, सकाळी १०
काका ऑपरेशन थिएटरच्या दारातून परत. तिथल्या सिस्टरनं विचारलं, कशासाठी आलात? म्हणाले, नख काढायला. अंगठा कापणार कळल्यावर स्ट्रेचरवरून उतरून लंगडत वॉर्डात. उद्यापर्यंत थांबलो तर अख्खं पाऊल जाईल, असं सर्जन मला सुनावून गेले. मला का? सही काकांची आहे.

सकाळी ११
मॅट्रनबाई काकांच्या पलंगावर चक्क बसल्या. त्या वासात. काकांनी विचारलं, अंगठ्याशिवाय पायडल मारता येईल का? बाईंनी पायाखाली उशी धरून टाचेनं दाबून बघायला लावलं. वीस मिनिटं हा पोरखेळ. काका रडले. मग म्हणाले, काढा. सही केली ती माझ्या पेननं. कोणी दखल घेतली नाही.

८ तारीख
अंगठा गेला, पाऊल वाचलं. मोठ्या मनानं काकांना विचारलं, काही कळलं नव्हतं तर मान का डोलवलीत? म्हणाले, बाबा, तूच डोलवत होतास. म्हटलं, तुला एकट्याला कशाला अवघडून ठेवा.

९ तारीख
मॅट्रनबाईंनी धुलाई विभागात पाठवलं. जबाबदारीचं काम आहे, म्हणून मीच. मळक्या चादरींचे ढीग, वास तोच. पण यांना काही समजावून सांगावं लागत नाही.