‘तापट?’ ‘होतो.’

३ फेब्रुवारी

नवऱ्याला घरी आणलं! आमच्या फोटोफ्रेमच्या दुकानात शिडीवरून पडला तेव्हा वाटलं होतं, संपलं सगळं. आता चालतो, चहा मागतो. फक्त गेली सहा-सात वर्षं डोक्यातून पुसली गेलीत. लेक कॉलेजात जाते हे ऐकून म्हणाला, "थट्टा करतेस का?"

मी हसले. मग हिशोब केला. सहा-सात वर्षांपूर्वीचा हा — जरा चुकलं की दुकान डोक्यावर घेणारा! त्याने स्वतःला वळण लावलं ते नंतर, तेही किती कष्टाने. ती वर्षंच गेली. मग घरी कोणता नवरा आलाय?

६ फेब्रुवारी

लेक म्हणाली, "आई, तू पुन्हा भांडी आवाज न करता घासतेस." — खरंच की!

१० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या एकेक शब्द म्हणणार, तो आपल्याला लागू पडतो का ते याने सांगायचं.

"हट्टी?" "आहे."

"बोलका?" "गिऱ्हाइकापुरता."

"तापट?"

मी त्याच्याकडे पाहिलं.

"होतो."

होतो! आहे नाही — होतो!

बाईंनी विचारलं, "राग आवरल्याचा एखादा प्रसंग?" त्याने खूप डोकं खाजवलं. "एकही आठवत नाही. पण माझं मला कळत नाही होय?"

बाई खुर्ची पुढे ओढून सांगायला लागल्या — घडलेले प्रसंग एकीकडे साठतात, 'मी असा आहे' हे त्यांतून बनलेलं मत दुसरीकडे. पहिलं गेलं तरी दुसरं शाबूत राहू शकतं.

"म्हणजे चित्र गेलं, चौकट राहिली," हा म्हणाला. फ्रेमवालाच शेवटी! परतताना रस्त्यात एकटीच हसत होते मी.

११ फेब्रुवारी

पण म्हणणं वेगळं, असणं वेगळं. मीही स्वतःला 'शांत' म्हणते. म्हटलं, प्रसंग शोधून बघू. सापडले ते सगळे गप्प बसल्याचे. गप्प म्हणजे शांत का?

१४ फेब्रुवारी

आज दुकानात काच बोटभर आखूड कापली. मुद्दाम. मोठी, चांगली काच. लिहायलाही लाज वाटते — नवऱ्याची परीक्षा घेतेस, बाई? पण कळायला तर हवं होतं!

त्याने काच फ्रेममध्ये ठेवली. फट दिसली. कानशिलं लाल झाली. मग दोन्ही तळहात टेबलावर पालथे टेकवले आणि श्वास सोडला. राग आवरायची तीच युक्ती! त्या हरवलेल्या वर्षांतलीच! कुणी सांगितली नव्हती, मीसुद्धा नाही!

"छोट्या फोटोला होईल," म्हणाला.

नाचावंसं वाटलं! लेकीला फोन केला, ती किंचाळलीच.

फोन ठेवल्यावर त्याने हळूच विचारलं, "मघाशी तू दाराकडे का सरकलीस?"

१५ फेब्रुवारी

"वारा हवा होता," असं सांगितलं होतं काल. खोटं. सरकले हे मला कळलंसुद्धा नव्हतं. पायांना बरं माहीत होतं!

१७ फेब्रुवारी

काच कापायचं हत्यार आज पुन्हा जागेवर नाही. कितीदा सांगायचं! मी ओरडले. त्याच्यावर! चांगली खणखणीत — शेजारचा चावीवाला डोकावला. हा आधी बघतच राहिला, मग गालातल्या गालात हसत म्हणाला, "तू शांत ना गं?"

"होते."