रेकॉर्डरचं बटन

मंगळवार, संध्याकाळ, नाकाडोंगरी

आज टीव्हीच्या रेकॉर्डरचं बटन मुद्दाम बंद केलं. लबाडीच झाली.

मागच्या महिन्यापर्यंत पिंकी पुण्याहून रोज फोन करायची. “बाबा, माझी मालिका रेकॉर्डला लावा न.” त्या निमित्तानं दोन गोष्टी बोलून व्हायच्या. मग सुट्टीत आली आणि रेकॉर्डर स्वतःच्या मोबाइलला जोडून गेली. आता तिकडूनच लावते, तिकडेच पाहते. साडेसातला रेकॉर्डरच्या डब्यात डिस्क घुरघुरते. पोरगी घरात आल्यासारखी वाटते, पण बोलत कोणीच नाही. ट्रकवरच्या क्लीनरपासून तीन ट्रकांचा मालक झालो, इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखतो. या घुरघुरीचं काय करू?

बटन बंद केलं आणि दहा मिनिटांत फोन.

“बाबा, डबा काहून बंद आहे?”

“लाइन गेली वं.”

“मग पंखा कसा फिरून राहिला? मले ऐकू येते.”

कान माझेच घेतले तिनं. मग म्हणाली, “भाजी कायची केली आज?”

पाऊण तास बोललो. तिची मालिका निघून गेली. बटन लावा, असं ती एकदाही म्हणाली नाही.