पंधरा मिनिटांचं माहेर

अकोला

चि. स्वानंद,
आशीर्वाद. लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिला. मी बोलाले लागली का तू फोन काटतं, म्हणून हे पत्र.

लग्नानंतरची पहिली पंचमी होती. मले माहेरी न्याले मुराळी म्हणून भाऊ येणार, असं साऱ्या घराले सांगून मी बॅग भरून बसली होती. तू आला नाही. मोबाइलवर तू पाठवलेला नकाशाचा फोटो आला: अकोला ते अमरावती, विमानानं पंधरा मिनिटं. खाली लिहिलं, "इतकं जवळ आहे, एकटीच ये."

अरे, आमच्या अकोल्यातल्या शिवणीच्या विमानतळावरून प्रवाशांचं विमान उडते काय? कोण्या वेबसाइटनं नकाशावर रेघ ओढली अन् तुले बहीण जवळ वाटली. सासूबाईंनी फोटो पाहिला अन् माही भरलेली बॅग उचलून कपाटावर ठेवली.

आईचे गुडघे कसे आहेत? तिले सांग, मी मजेत आहे. हे वाचून दाखवू नको. पंचमीले ती दाराशी बसली होती काय रे?

भाऊबीजेले इथं येऊ नको. तिकडं अमरावतीतच बेलोऱ्याच्या विमानतळावर पाट मांडून बस. ओवाळायचं ताट मी विमानानं पाठवते. पंधरा मिनिटंच तर लागतात.

तुही ताई,
अवनी